दोन प्रिंटरांमधला खटका

कनेरगाव नाक्याच्या आसपास शिवहार म्हणून विचारलं तर कोणी ओळख दाखवणार नाही. खटक्या म्हणा, लगेच बोट दाखवतील. माळावर जो माणूस मेंढरांच्या वाडग्याचं फाटक बांधून दहा पावलं जातो, माघारी येतो, गाठ चाचपतो, पुन्हा निघतो आणि पुन्हा माघारी येतो, तो खटक्या. ते माझे धाकटे दीर. वय छप्पन्न, लग्न झालेलं नाही, सुपारीचंही व्यसन नाही, आणि आजवर त्यांनी कोणाला वाकडा शब्द बोललेला मी ऐकला नाही.

हे नाव आमच्याच घरातून बाहेर पडलं. माझ्या मालकांनी, दगडोबांनी, सख्ख्या भावाला ते ठेवलं. मग सोयऱ्याधायऱ्यांत, ढाब्यावर, शाळेच्या पोरांत पसरलं. त्यामागं काय घडलं ते गावाला अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं मी लिहिते.

आमचं घर मेंढरांचं. सासऱ्यांना वाटायचं धाकट्यानं कळप धरावा. पण भाऊजी दहावी झाले आणि कळमनुरीला गुलाबचंद शेटजींच्या छापखान्यात कागद कापायला लागले. पुढं शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला शिकले. लग्नपत्रिका, तेराव्याच्या पत्रिका, पावतीपुस्तकं, असलं काम. मग खिळ्यांचे दिवस गेले, कॉम्प्युटर आला, आणि शेटजींनी हैदराबादहून एक वापरलेला लेसर प्रिंटर आणला. दोन माणसांनी उचलावा असला. त्याच्यासोबत विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक आलं होतं. शेटजी ते रद्दीत टाकणार होते. भाऊजी खोलीवर घेऊन गेले.

त्या पुस्तकात त्या प्रिंटरची भाषा होती. पोस्टस्क्रिप्ट तिचं नाव. दिवाळीला घरी आले की चुलीपुढं बसून भाऊजी मला समजावून सांगायचे, कारण दुसरं कोणी ऐकत नसे. म्हणायचे, वहिनी, कळप जसा आपल्या धन्याची हाळी ओळखतो तसं हे आहे. ह्या प्रिंटरला पान पाठवायचं नसतं, हाळी द्यायची असते. डाव्या कोपऱ्यापासून इतकं आत ये, इथं टेक, तिथपर्यंत रेघ ओढ, अशी वळव, आतून काळं भर, आता पान बाहेर टाक. बाकी सगळं तो स्वतःच्या डोक्यानं करतो. अक्षर हरभऱ्याएवढं काढा की भाकरीएवढं, कड सारखीच गुळगुळीत. बाजारात दुसऱ्या जातीचे प्रिंटर निम्म्या किमतीत मिळायला लागले होते. त्यांची भाषा वेगळी, पीसीएल म्हणतात ती. त्यांना डोकं कमी. कॉम्प्युटरनं पान चावून चावून त्यांच्या तोंडात घालायचं. आणि एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. त्याला ती भाषा आहे हेसुद्धा कळत नाही, साधा मजकूर समजून तो जसंच्या तसं छापत सुटतो.

तेव्हा कॉम्प्युटरवर मिळायची ती मराठी अक्षरं बघवत नसत. ज्येष्ठचा ष्ठ मोडका, सिद्धेश्वरमधला द्ध वेगळाच लोंबकळलेला. भाऊजींनी चौकटीच्या वहीवर एकेक अक्षर पेन्सिलीनं काढलं, चौकटी मोजल्या, आकडे मांडले, आणि त्या आकड्यांची हाळी करून प्रिंटरला शिकवली. तीन वर्षांत दोनशे बारा अक्षरं झाली. आपलं नाव नीट छापून हवं असलेली माणसं हिंगोलीहून कळमनुरीला यायला लागली. शेटजी गिऱ्हाइकांना सांगायचे, ये मेंढरवाला मेरा मोती है.

मग शेटजींचा भाचा स्वप्निल नांदेडहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आला, आणि येताना नव्या जातीचा प्रिंटर घेऊन आला. पेटीएवढा, हलका. टेबलाच्या एका अंगाला जुना, दुसऱ्या अंगाला नवा, मधे एकच कॉम्प्युटर. दोघांच्या वायरी एका लोखंडी डबीत जात. डबीवर एक गोल खटका होता. डावीकडं वळवला की कॉम्प्युटरचं म्हणणं जुन्याला जायचं, उजवीकडं वळवला की नव्याला.

स्वप्निलचं तोंड वाईट होतं. भाऊजी आकडे लिहीत बसले की तो मागून बॅ बॅ करायचा. गिऱ्हाइकासमोर म्हणायचा, आमच्याकडं मेंढ्यांच्या भाषेतबी छापून मिळतं. शेटजींच्या कानाला लागून त्यानं ठरवून टाकलं होतं की जुना प्रिंटर बदल्यात देऊन अजून एक नवा आणावा. जुना गेला म्हणजे ती दोनशे बारा अक्षरंही गेली, कारण नव्याला ती कळणारच नव्हती. आणि अक्षरं गेली म्हणजे भाऊजी परत कागद कापायला.

शेटजींचं मन होईना. त्यांनी ते खंडेनवमीवर सोडलं.

त्या छापखान्यात एक रीत होती. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की मुहूर्ताचा एक कागद काढायचा. एकच. तो पहिला कागद काच लावून लक्ष्मीच्या फोटोखाली वर्षभर टांगायचा, आणि ज्याच्या हातून तो निघाला तो माणूस वर्षभर मुख्य खुर्चीवर. बिघडला तरी दुसरा काढायचा नाही, देवीनं दिला तो दिला. शेटजी म्हणाले, यंदा मुहूर्त जुन्या प्रिंटरवर शिवहार काढेल. कागद मनासारखा निघाला तर जुना राहील आणि शिवहार राहील. नाही निघाला तर दसऱ्यानंतर गाडी बोलवू.

भाऊजींनी त्या एका पानासाठी तीन महिने घातले. मधे श्री, भोवती मोरांची वेलबुट्टी, तळाशी छापखान्याच्या जुन्या गिऱ्हाइकांची नावं. सगळं आकड्यांनी. पितृपक्षात घरी आले तेव्हा जेवताना पाटावर बोटानं मोराची मान काढत होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई नर्मदाबाई, म्हणाल्या, ह्याला बायको करून द्या नाहीतर हा त्या मशिनीशीच लगीन लावंल.

शेटजींच्या पत्नी वारल्या होत्या. हळदकुंकवाला सवाष्ण हवी म्हणून भाऊजींनी हौसेनं मला बोलावलं. मी, मालक आणि आत्याबाई सकाळच्या एसटीनं गेलो. छापखान्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. सत्याण्णव सालची गोष्ट आहे ही. झेंडूची माळ जुन्यावर, नव्यावर, कटिंग मशीनवर. भाऊजींनी खटका डावीकडं करून ठेवला होता, माझ्या डोळ्यांदेखत. दोनदा बघितला.

आरती सुरू झाली आणि मी सगळ्यांना हळदकुंकू लावत गेले. कॉम्प्युटरला, दोन्ही प्रिंटरांना, कात्रीला. डबी राहिली होती. पूजेत काही सोडू नये म्हणून तिलाही लावलं. तिचं कपाळ कुठलं म्हणावं, तर तो गोल खटका. बाळाला टिळा लावतो तसा अंगठा टेकवून मी कुंकू गोल फिरवलं. टक असा बारीक आवाज झाला. टाळ्यांचा गलका होता. मला वाटलं बांगडी आपटली.

भाऊजींनी देवीला हात जोडले आणि बटण दाबलं.

जुना प्रिंटर गप्प राहिला. नवा जागा झाला, घरघरला, आणि त्यातून कागद निघायला लागले. पहिल्यावर श्री नव्हतं, मोर नव्हता. वरपासून खालपर्यंत बारीक इंग्रजी आणि आकडे. दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. भाऊजींनी बंद करायला हात पुढं केला तर शेटजींनी तो धरला. मुहूर्ताचं यंत्र मधे बंद करत नसतात. मग आम्ही सगळे उभे राहून बघत राहिलो. त्रेसष्ट कागद निघाले.

स्वप्निलनं पहिला उचलला आणि भटजीच्या सुरात वाचायला घेतला. "तीनशे सहा, सातशे वीस, मूव्हटू स्वाहा. तीनशे दहा, सातशे चार, लाइनटू स्वाहा." लोक हसले. प्रसादाचं ताट धरलेला माणूस इतका हसला की पेढे खाली सांडले. आमचे मालकही हसले. म्हणाले, "ह्यालाच तीन महिने लागले व्हय रे?"

मी हसले नाही. तेवढंच केलं.

भाऊजींनी डबीकडं बघितलं. खटका उजवीकडं होता. त्यावरचं माझं कुंकू ओलं होतं, त्यांच्या बोटाला लागलं, ते त्यांनी पँटला पुसलं. त्यांच्या मनात माझं नाव आलंच नाही. ते शेटजींना म्हणाले, "खटका बघायचा राह्यला माझ्याकून. चूक माझी हाये."

"मेंढरं हाकायची सवय," स्वप्निल म्हणाला. "कुणीकडं बी गेली तरी चालतंय ह्यांना."

मला तेव्हाच कळलं होतं तो टक कशाचा होता. तोंड उघडायला एक क्षण पुरे होता. पण त्याच साली माझं दुसरंही लेकरू पोटातच गेलं होतं. मी लावलेली तुळस वाळली, मी विरजलेलं दूध नासलं, असं आत्याबाई शेजारणींना सांगायच्या. माझ्या हाताबद्दल घरात आधीच बोलणं चालू होतं. चार तालेवार माणसांसमोर, देवीसमोर, हे माझ्या हातानं झालं म्हणाले असते तर मला माहेरी घालून आले असते. एसटीत परत येताना आत्याबाई म्हणाल्या, "बरं झालं. आता येईल मेंढरामागं." मी खिडकीतून बाहेर बघत जप करत होते.

जुना प्रिंटर दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी गेला. पहिला कागद रीतीप्रमाणं काचेत घालून लक्ष्मीखाली टांगला गेला. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं हे काय, आणि स्वप्निल प्रत्येकाला सांगायचा, बोट दाखवून. त्याच्या खाली भाऊजी कटिंग मशीनवर कागद कापत. उरलेल्या बासष्ट कागदांची पाठ कोरी होती. स्वप्निलनं ते कागद चार-चार तुकड्यांत भाऊजींकडूनच कापून घेतले, पिना मारल्या आणि कच्च्या हिशोबाच्या वह्या म्हणून बाजारात फुकट वाटल्या. कळमनुरीच्या आठवडी बाजारात तेलवाल्याकडं मी एक पाहिली. पुढं तेलाचा भाव, मागं मोराच्या मानेचे आकडे.

भाऊजी वर्षभर राहिले. पुढच्या खंडेनवमीला काच उतरली, तेव्हा तो कागद घडी करून खिशात घातला आणि घरी आले.

तेव्हापासून ते बघणं सुरू झालं. दार लावलं की नाही, चूल विझली की नाही, फाटकाची गाठ, कंदिलाची वात. एकदा बघून त्यांचा स्वतःवर विश्वास बसत नसे. दोनदा, तीनदा, मग पाचदा. मेंढरं मोजून झाली की उलटी मोजायची. शिरड शहापूरच्या पुंजाजींची राधिका त्यांना सांगून आली होती. पोरगी चांगली होती, तिला भाऊजी पसंत होते. पुंजाजी बघायला आले, जेवायला बसले, आणि भाऊजी ताटावरून चार वेळा उठून वाडग्याकडं जाऊन आले. पाचव्यांदा उठले तेव्हा पुंजाजींनी हात धुतला. आमच्या मालकांना बाजूला घेऊन म्हणाले, पोरगं भ्रमिष्ट हाये, सांगायचं तरी. त्याच संध्याकाळी मालकांनी भावाला खटक्या म्हणून पहिली हाक मारली.

माझा रुद्र पुढं झाला, मोठा झाला, तोही काकाला लांबून ओरडायचा, खटका बघितला का हो काका. मी त्याला कधी रट्टा दिला नाही. आणि मी स्वतः काय केलं तेही लिहिते. एका चातुर्मासात माझा उपवास होता, डोकं चढलं होतं, आणि भाऊजी गॅस बंद केला का म्हणून तिसऱ्यांदा स्वयंपाकघराच्या दाराशी आले. मी म्हणाले, "भाऊजी, एवढं त्या मुहूर्ताच्या दिवशी बघायचं होतं ना." त्यांनी मान हलवली, म्हणजे खरं आहे तुमचं, अशी. मग चौथ्यांदा आले नाहीत. दाराबाहेर उभे राहून वासावरून अंदाज घेत होते.

यंदा श्रावण संपताना कळप ओढ्यापलीकडं होता. भाऊजींना वाटेत शंका आली की घराचं कुलूप उघडं राहिलं. ते राहिलं नव्हतं. ते घरी आले, कुलूप ओढून बघितलं, परत निघाले, अर्ध्या वाटेवरून पुन्हा आले. तेवढ्या वेळात मोकाट कुत्र्यांनी अकरा मेंढरं फाडली. त्यात सहा गाभण होती. मालकांनी छप्पन्न वर्षांच्या भावाला ढाब्यासमोर, ट्रकवाल्यांदेखत, थोबाडीत मारली. भाऊजींनी दुसरा गाल वाचवला नाही. म्हणाले, "मार दादा, चूक माझीच हाये."

ते शब्द मी आधी ऐकले होते. दुपारी मी मालकांना सगळं सांगून टाकलं. ते पाणी पीत होते. तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "सत्तावीस वर्षं गिळलंस, मग आता काहून वकून राहिलीस? रुद्रची सोयरीक चालू हाये. आईचा हात असला म्हनल्यावर कोन पोरगी देईल?" आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक हिंगोलीला गेल्यावर मी भाऊजींकडं गेले. ते वाडग्यात मेलेल्या मेंढरांची कातडी सोलून ठेवत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. हळदकुंकू, अंगठा, टक, आणि मी का गप्प बसले ते. ते सुरी पुसत ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "त्या दिवशीच्या वहीत काय हाये?"

मी रोज देवापुढं दिवा लावून दिवसाचं चार ओळी लिहिते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. ट्रंकेतून सत्याण्णवची वही काढून आणली. त्यांनी हात धुतले, ओले हात अंगाला पुसले आणि ओळीखाली बोट धरून वाचलं. आज खंडेनवमी. शेटजींकडं पूजा छान झाली. शिवहार भाऊजींनी खटका बघितला नाही, सगळ्यांसमोर नाचक्की झाली. एकादशीला साबुदाणा आणायचा.

"हे तुमच्याच हातचं हाये, वहिनी."

मी म्हणाले, खोटं लिहिलं होतं.

"देवापुढं बसून?"

मी हो म्हणाले. ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. कळपातलं आजारी जनावर बघतात तसं. मग म्हणाले, "डोळे मिटले की मला त्यो खटका दिसतो. माझा हात दिसतो त्याच्यावर. तुमचा कदीच दिसला न्हाई."

मी रुद्रचा पेन मागून आणला आणि त्यांच्यासमोर त्याच ओळीखाली लिहिलं. खटका माझ्या हातून फिरला, भाऊजींची चूक नव्हती. वही त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती घेतली, पान उजेडाकडं तिरपं केलं आणि डोळे बारीक करून दोन्ही ओळी ताडून बघितल्या.

"शाई येगळी हाये," ते म्हणाले. "मागून लिवल्यालं कोनी बी वळखंल. दादानं मारलं म्हनून तुमाला वाईट वाटून राहिलं, ते कळतं मला. पर त्यापायी देवाच्या वहीत खोटं काहून लिवता?"

वही मिटून त्यांनी माझ्या हातात दिली. मग म्हणाले, कातडी आज उन्हात घातली नाही तर वाया जातील, जाडं मीठ असलं तर द्या.

मी घरात जाऊन मीठ आणून दिलं.